तिसरी चावी

कसबा पेठेत पितळी समई बघायला गेले आणि पर्स दुकानाच्या पायरीवर विसरून आले. धावत परत गेले तर पायरी जागेवर होती, पर्स नव्हती. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "पायरी काय वस्तू ठेवायला असते का?" भांडायला वेळ नव्हता, नाहीतर मी त्याला सोडला नसता. पर्समध्ये गाडीची चावी होती आणि माझं लायसन्स होतं. लायसन्सवर विश्रांतवाडीचा पत्ता. म्हणजे ज्याला पर्स मिळाली त्याला चावीही मिळाली, आणि ती कुठल्या इमारतीखाली चालवून बघायची तेही कळलं.

घरी बाबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "त्यात काय एवढं? कपाटात दुसरी आहे ना, तिच्यावरून कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून एक करून घे." बाबा खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांची पहिली गाडी शेजाऱ्यांच्या स्कूटरच्या चावीनेही उघडायची, आणि त्याचं आम्हाला कौतुकच वाटायचं.

ही दुसरी गाडी मी आयटीत लागल्यावर घेतली. हप्ते माझ्या पगारातून जायचे, गाडी मात्र बाबांच्या नावावर. घरात मोठी वस्तू आली की ती वडिलांच्या नावाने घ्यायची, असा आमच्याकडे रिवाज. त्यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही. मग वर्षभरात बाबांना फिटचे झटके यायला लागले. पडायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. डोळे उघडे, हातात चहाचा कप, आणि माणूस काही क्षण तिथे नाहीच. डॉक्टरांनी औषध दिलं आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. मी त्याच संध्याकाळी दोन्ही चाव्या ताब्यात घेतल्या. एक पर्समध्ये, एक माझ्या कपाटात. बाबा एवढंच म्हणाले, "साखरेच्या डब्याला कुलूप कधी लावतेस?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि कपाटातली चावी घेऊन सर्व्हिस सेंटर गाठलं. सही मालकाची लागणार, म्हणून बाबाही बरोबर. तिथल्या मेकॅनिकने गाडीला वायर लावून लॅपटॉप जोडला, तेव्हा मी पहिल्यांदा चक्रावले. गाडीला लॅपटॉप कशाला?

"मॅडम, ही नुसती चावी नाहीये," तो म्हणाला. "हिच्या प्लास्टिकच्या डोक्यात चिप असते. चावी फिरवली की गाडी आधी चिप चेक करते. ओळखीची असेल तरच स्टार्ट. नाहीतर दार उघडेल, पण गाडी काही चालणार नाही."

मी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारी बाई. दुसऱ्यांचे पासवर्ड कसे सुरक्षित ठेवायचे यावर माझं पोट चालत होतं, आणि माझ्याच गाडीने इतकी वर्षं दर वेळी माझी ओळखपरेड घेतली, त्याचा मला पत्ता नव्हता!

"मग हरवलेली चावी बाद करता येईल?"

"सगळ्याच पुसायच्या. मग ज्या समोर असतील तेवढ्या परत शिकवायच्या. ज्या नसतील त्या मेल्या." त्याने स्क्रीनवर काहीतरी बघितलं. "पण मॅडम, तिसरी कुठाय?"

"कुठली तिसरी?"

"एक हरवली, एक ही. गाडीत तीन चाव्या फीड आहेत."

मी तीनदा विचारलं, त्याने तीनदा तेच सांगितलं. आमच्या गाडीची चावी कोणाकडे तरी होती, काल हरवलेली नव्हे, आणखी एक, आणि गाडी तिला मुकाट ओळखत होती. डोक्यात एकच नाव आलं: आमचा ड्रायव्हर. अकोल्याकडचा माणूस, आठवड्यातून दोनदा बाबांना दवाखान्यात न्यायचा, तेवढ्यापुरती कपाटातली चावी त्याच्या हातात असायची. मी मोबाईल काढला. आधी त्याला फैलावर घ्यायचं, मग कामावरून काढायचं आणि तिथूनच पोलीस चौकीत जायचं, असं सगळं माझं क्षणात ठरलं.

"फोन ठेव," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, तुम्हाला कळतंय का, त्याने..."

"त्याने काही केलेलं नाही. ठेव तो फोन."

त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि जानवं बाहेर ओढलं. ट्रंकेची किल्ली, देवघराच्या कपाटाची किल्ली, आणि त्यांच्या शेजारी काळ्या प्लास्टिकच्या डोक्याची ती चावी.

मेकॅनिक लॅपटॉपमध्ये डोकं घालून उभा राहिला.

"दवाखान्यातून येताना इथेच करून घेतली," बाबा म्हणाले. "मालक मीच. कोण अडवणार?"

"चालवता तुम्ही?"

"दुपारी. तू कंपनीच्या बसने हिंजवडीला गेलेली असतेस तेव्हा."

"कुठे?"

"खडकीला. जुन्या मंडळींकडे."

"रिक्षा नव्हती मिळत?"

"रिक्षातून उतरलो की सगळे तब्येत विचारतात. गाडीतून उतरलो की राजकारणावर बोलतात."

मला इतका राग आला की रडू फुटलं. आळंदी रस्त्यावरची ती दुपारची वाहतूक, आणि त्यात उघड्या डोळ्यांनी कुठेतरी निघून जाणारे बाबा! मी ऑफिसात निवांत डबा खात होते तेव्हा हे चाललं होतं.

मेकॅनिकने घसा साफ केला. "काका, मग ही पण शिकवायची का?"

सही बाबांची होती, प्रश्नही बाबांनाच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"नाही," मी म्हणाले. "ही कपाटातली आणि नवीन एक. दोनच."

"ती म्हणते तसं करा," बाबा म्हणाले आणि सही केली.

काम झाल्यावर मी गाडीत बसणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "जरा थांब." ते स्वतः स्टिअरिंगसमोर बसले, जानव्यातून सोडवलेली चावी घातली आणि फिरवली. दिवे लागले. इंजिन नुसतं घरघरलं आणि बंद पडलं. त्यांनी पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मला ते बघवेना, मी दुसऱ्या बाजूने आत शिरून शेजारी बसले.

"होळकर पुलावर चढलो ते आठवतं," बाबा समोर बघत म्हणाले. "मागच्या आठवड्यातलं सांगतोय. उतरलो ते आठवत नाही. त्यानंतरचं आठवतं ते थेट पेट्रोल पंप. मधे चौक आहे. पोरांची शाळा सुटायची वेळ होती."

मी माझ्या बाजूचं दार ओढून घेतलं.

"घरी येऊन जानव्यातून ही काढायला बसलो. एकदा नाही, रोज. हात व्हायचा नाही गं."

त्यांनी चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली. मग दार उघडून खाली उतरले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले, आणि मी जागा रिकामी करायची वाट बघत उभे राहिले.