विमानाच्या घरचा माणूस

"गळून राहिलं, म्हंजे भरून आहे."

उमराव कापगते असे म्हणत, आणि कुठेही म्हणत. माठ पाझरला तरी म्हणत. तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, झिरपली तरी म्हणत. लग्नात नवरीची माय रडायला लागली की तिच्या शेजारी उकिडवे बसून तेच सांगत, आणि ती बाई आणखी रडे.

हे वाक्य त्यांना दोन घरांतून मिळाले होते. पहिले घर कोहळी जातीचे. आमच्या अर्जुनी मोरगावकडच्या कोहळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, आणि बांधण्यापेक्षा जास्त काळ ते धरून ठेवले. आमच्याकडे तलाव नवा करत नाहीत. जुन्याच पाळीवर दरसाल माती चढवतात, तडा बुजवतात, दुसरा तडा शोधतात. दुसरे घर हवाई दलाचे. तिथे उमरावकाकांनी उभी हयात रशियन बनावटीच्या एका जुन्या लढाऊ विमानाखाली पाठीवर निजून काढली. त्या विमानाखाली पत्र्याच्या पसरट थाळ्या ठेवलेल्या असत. तेल गळे, रॉकेलसारखे इंधन गळे. थोडे गळणे त्याच्या नियमातच बसत होते. काका म्हणत, ज्या दिवशी थाळी कोरडी दिसे त्या दिवशी जुना मिस्त्री घाबरे, कारण तेव्हा आत काहीच उरलेले नसे.

१९९९ साली काका सार्जंट म्हणून सेवेतून सुटले आणि गावी आले. आल्यावर पाच वर्षे त्यांना गळणारे काही सापडेना. बायको शांतीबाई म्हणे, "यायले एखादं फुटकं घंगाळ द्या रे कोनी." मग शाळेच्या संस्थेचे सचिव उदाराम गुरुजी यांनी कुठूनसे एक मोडीत निघालेले लढाऊ विमान शोभेसाठी मिळवले. लांबलचक ट्रेलरवर ते आले तेव्हा पंख वेगळे, धड वेगळे. शाळेच्या फाटकाशी, तलावाच्या काठावर, प्रतापगडाच्या डोंगराकडे तोंड करून ते उभे केले. काकांनी पाहताक्षणी ओळखले. तेच विमान नव्हते, पण त्याच पाठची भावंडे होती सगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी विमानाच्या पोटाखाली एक थाळी ठेवली. संध्याकाळी पाहिले, थाळी कोरडी. आठवडाभर कोरडी. देण्याआधी त्याचे इंजिन काढून घेतले होते, टाक्या रिकाम्या होत्या, हे काकांना माहीत होते. माणसाला माहीत असते तरी तो वाट पाहतो. काकांचे जेवण सुटले. शांतीबाईने विचारले, कोणी मेलं का काय? काका म्हणाले, "विमान. एक थेंब नाही त्याच्यात."

शेवटी काकांनी आपल्या परीने उपाय केला. तलावाच्या पाटातून डबे भरभरून पाणी आणले आणि विमानाच्या पंखातल्या टाक्यांत ओतले. दुपारपर्यंत काही झाले नाही. मग डाव्या पंखाचे पत्रे जोडणाऱ्या एका रिबिटीतून एक थेंब आला, लोंबला, थाळीत पडला. त्या रात्री काका भाताच्या दोन थाळ्या जेवले.

त्यानंतर काकांना कामाची कमी पडली नाही. एक रिबीट डांबराने बंद केली की तिच्या बहिणीतून पाणी येई. एक पत्रा नीट बसवायला दुसरा काढावा लागे, दुसऱ्यासाठी तिसरा, आणि परत लावताना पहिला बसतच नसे. कारखान्यात तो पत्रा हाताने घासून त्याच एका जागी बसवलेला होता. काका कानस घेऊन दिवसभर घासत. स्क्रू झिजले तर गावातल्या धानमळणीच्या यंत्रांचे काढून लावत, आणि यंत्रवाले भांडायला आले तर सांगत की हवाई दलातही एका विमानाचे काढून दुसऱ्याला लावूनच कारभार चालतो. चाकांच्या खोबणीत बेडूक राहायला आले. पंखाखालच्या ओलीत बायांनी वांगी लावली, आणि विमानाची वांगी म्हणून दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला पाहुण्यांच्या पानात ती मुद्दाम वाढली जाऊ लागली.

हे सगळे गावाने पाहिले आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. वावगे वाटले ते एकट्या छोटेलालला. छोटेलाल म्हणजे आमच्या तलावाचे पाणी वाटणारा माणूस. पाळीतले पाणी सोडायचे दार, त्याला आम्ही तुडूम म्हणतो, ते कधी उघडायचे आणि कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी आधी जायचे हे तो ठरवतो. त्याने काकांना पाटावर डबा बुडवताना धरले आणि प्रकरण गावसभेत आणले.

आमच्या गावचा जुना कायदा आहे: ज्याचं पानी, त्याची पाटी. जे घर तलावाचे पाणी घेते त्याने रोहिणी नक्षत्र लागण्याआधी पाळीच्या दिवशी एक माणूस द्यायचा. त्या माणसाने दिवसभर डोक्यावर पाटी घेऊन तलावातला गाळ पाळीवर टाकायचा. भाड्याचा माणूस चालत नाही, घरचाच लागतो. ज्या घराचा माणूस आला नाही त्याचे त्या सालचे पाणी बंद. छोटेलालचे म्हणणे एवढेच की विमान पाणी घेते, मग पाटी कोण वाहते?

उमरावकाकांच्या घरच्या पाण्यातून वळते करावे असे कोणी सुचवले, तर छोटेलाल म्हणाला की ते पाणी धानाचे आहे, विमान धान पिकवत नाही. वांग्यांचा मुद्दा निघाला, तो टिकला नाही. शेवटी सभेने विमानाला एक घर धरले. वाटपात त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागला, मसणवटीकडच्या बांधीच्याही नंतर. पाळीच्या दिवशी छोटेलाल उंच आवाजात घरांची नावे पुकारी, आणि सगळ्यात शेवटी म्हणे, "विमान." मग काका पुढे येऊन टाच जुळवून म्हणत, "हाजीर." कापगत्यांच्या घरची पाटी शांतीबाई वाही. ती म्हणे, सवत आणली असती तर तिच्याकडून काम तरी करून घेता आले असते. ही सवत पंख पसरून नुसती बसून राहते आणि माझ्या वाट्याचा नवराही तीच नेते.

असे काही वर्षे नीट चालले. मग २०११ साली उदाराम गुरुजी नागपूरला गेले आणि तिथे त्यांनी फायबरचे विमान पाहिले. नव्या जातीचे, राखाडी, सुबक. ते सुट्या भागांत येते. नाक वेगळे, शेपूट वेगळे, बोल्ट घातले की उभे. एखादा भाग फुटला तर बनवणारा तसाच दुसरा पाठवतो. ना गंज, ना बेडूक, ना वर्गात डास. गुरुजींनी त्याचे रंगीत चित्र शाळेत लावले आणि जुने विमान भंगारात काढायचे ठरवले. त्यात त्यांचे चुकत होते असे नाही. चौथीच्या वर्गात मुले एका हाताने लिहीत आणि दुसऱ्या हाताने डास मारत.

सरपंच होत्या पुष्पांजली. त्यांनी निकाल दिला तो असा: विमान वाटपात बसलेले घर आहे. जोवर त्याची पाटी पाळीवर येते तोवर त्याला कोणी हलवू शकत नाही. ज्या साली येणार नाही त्या साली ते घर तुटले, मग गुरुजींनी त्याचे काय करायचे ते करावे. गुरुजी म्हणाले, ठीक आहे, आणि त्या दिवसापासून काकांच्या गुडघ्यांकडे पाहू लागले.

पण गुडघे टिकले. चैत्रात शांतीबाई पंखाखाली वांगी तोडायला गेली आणि विमानाच्याच चिखलात पाय घसरून पडली. उजवा हात मनगटाजवळ मोडला. प्लास्टर आले. म्हणजे आता घरे दोन, पाट्या दोन, आणि वाहणारे काका एकटे.

काकांनी सभेत अर्ध्या दिवसाची तोड मागितली. दुपारपर्यंत घराचा, दुपारनंतर विमानाचा. एकाचं काढून दुसऱ्याला लावू, म्हणाले. छोटेलालने नाही म्हटले. एक माणूस दोन घरांचा असेल तर उद्या अर्धे गाव अर्ध्या गावाच्या नावाने हजर राहील. पुष्पांजलीबाई गावच्या सून, त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मामाजी, तुमच्या बांधीत धान आहे. विमानात काय आहे?"

काकांचे उत्तर सगळ्यांना पाठच होते.

आईचा हात मोडल्याचे ऐकून मुलगा पीयूष रजेवर आला. तोही हवाई दलातच, पण नव्या विमानांवर. त्याचे काम बापाला कधी पटले नव्हते. त्या विमानात बिघाड झाला तर विमानच सांगते की कोणता डबा बिघडला. पीयूष झाकण उघडतो, तो डबा ओढून काढतो, दुसरा सरकवतो आणि बिघडलेला कंपनीकडे पाठवतो. आत काय झाले होते ते त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नसते.

संध्याकाळी दोघे पंखाखाली बसले. शाळेच्या पायरीवरून शांतीबाई ऐकत होती.

"डबा काढा, डबा लावा," काका म्हणाले. "याले मिस्त्रीपन म्हनतेत का रे? हे तं पोस्टमन बी करते."

"करू दे ना बाबा. पन माझं विमान त्याच संध्याकाळी उडते. तुमचं अख्खा श्रावण शेडमंदी बसे, आन तुम्ही त्याच्याखाली."

"बसे," काका म्हणाले. "बसे खरं."

"मंग?"

"मंग काही नाही. मले त्याच्याखाली बसाले आवडे."

पीयूषने विचारले की पाळीच्या दिवशी काय करणार. काका म्हणाले, विमानाची पाटी वाहीन. घराचे धान एक साल बुडाले तर माणूस मजुरी करून जगतो. विमानाला मजुरीला कोण लावणार? पीयूषने आईकडे पाहिले. ती म्हणाली, "माह्याकडे कायले पायतं? मी सवतीच्या चिखलात पडलेली बाई आहो." पीयूषची रजा पाळीच्या दिवशीच संपत होती, त्याला सकाळच्या गाडीने जायचे होते. त्याला थांब म्हणणे काकांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी आयुष्यात कोणाला सुटा भाग मागितला नव्हता. मागितला असता तरी आला नसता, असे ते म्हणत.

पाळीच्या दिवशी ऊन वर यायच्या आत गाव जमले. तलावात मधोमध थोडे पाणी, कडेला काळा गाळ. गुरुजी फायबरच्या विमानाचे चित्र गुंडाळून काखेत घेऊन फाटकाशी, पंखाच्या सावलीत उभे. छोटेलाल पुकारू लागला. नावामागून नाव. मग म्हणाला, "कापगते."

काका डोळे मिटून उभे राहिले. छोटेलालने पुन्हा पुकारले. त्याला नियम तोडायचा नव्हता, पण घाईही नव्हती. तिसऱ्यांदा पुकारणार, तोच स्टेशनच्या वाटेने निघालेला पीयूष पाळीवर चढला. त्याने बॅग खाली ठेवली, इस्त्रीचा शर्ट काढून बॅगेवर ठेवला.

"हाजीर," तो म्हणाला. मग बापाकडे वळून म्हणाला, "डबा काढा, डबा लावा, बाबा. मायचा हात काढला, माझा लावा."

काकांनी त्याला खालून वर पाहिले. नवा भाग आला की ते असेच पाहत असावेत. "सरळ नाही बसाचा," ते म्हणाले. "कानस लागन." आणि आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. काढली, एक पीळ सोडला, पुन्हा ठेवली. पुन्हा काढली. सगळी पाळ पाट्या घेऊन ताटकळत उभी, आणि बापलेकांचे डोके काही जमेना. शेवटी शांतीबाई ओरडली, "ठेवा आता. उडवाचं नाही त्याले."

"त्याची गाडी चुकली," गुरुजी सरपंचांना म्हणाले. पुष्पांजलीबाई म्हणाल्या, त्याचा साहेब त्याला बोलेल, आपल्याकडे पाटी आली.

छोटेलालने उरलेली नावे पुकारली. मग थांबला आणि आवाज चढवून म्हणाला, "विमान."

काकांनी टाच जुळवली. टाचांचा आवाज निघाला नाही, चिखल होता. पण ते हाजीर म्हणाले, आणि पाटी भरून घेतली, आणि चुंबळ नसल्यामुळे पाटी उघड्या डोक्यावर धरून पाळीवरून चालू लागले. पाटी जुनी होती. काळे पाणी मानेवरून, पाठीवरून, धोतरावरून खाली उतरत होते.

"अवो, पाटी गळून राहिली," शांतीबाईने हाक दिली. मग तीच पुटपुटली, म्हंजे भरून आहे.

काका वळले नाहीत. ती प्लास्टरचा हात छातीशी धरून पाहत राहिली. पीयूष मान ताठ ठेवून, चुंबळ पडेल या भीतीने नुसते डोळे फिरवून पाहत होता. आणि फाटकाशी पंखाखाली उभ्या गुरुजींच्या टकलावर एक थेंब पडला. त्यांनी वर पाहिले, रुमालाने टक्कल पुसले, चित्र दुसऱ्या काखेत घेतले, आणि काका पाळीच्या वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिले.