हाड की खडा

नाशिकच्या अमरधाममध्ये आज सकाळी बाबांच्या अस्थी गोळा करताना दादाने राखेतला एक तुकडा माझ्यापुढे धरला. "हे हाड आहे की खडा गं?"

पाणी शिंपडलेल्या राखेचा वास नाकात गेला आणि मला नांदगावचा रस्ता आठवला. ताईच्या साखरपुड्याला निघालो होतो. बाबा संस्कृतचे प्राध्यापक, पण जीव सगळा जुन्या वस्त्यांच्या टेकाडांत अडकलेला. रस्त्याकडेच्या नव्या विहिरीच्या मातीत त्यांना राख दिसली आणि त्यांनी जीप थांबवली. नव्या झब्ब्यानिशी ढिगाऱ्यावर चढले, एक तुकडा उचलला आणि चक्क जिभेला लावला.

"चिकटलं! दगड चिकटत नाही. हाडच आहे हे!"

आई कावून म्हणाली, "अहो, तिकडे माणसं ताटकळलीत."

"ताटकळू देत. इथं कुणीतरी दोन हजार वर्षं ताटकळलंय."

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आज दादाच्या हातातला तो तुकडा घेतला, तसा माझा हात आपोआप ओठांपर्यंत गेला आणि थांबला. तुकडा मडक्यात ठेवला, तरी मला उठवेना. राख पुन्हापुन्हा चाळत राहिले.

"आटपा आता," गुरुजी म्हणाले, "मागं माणसं ताटकळलीत."

"ताटकळू देत," मी म्हणाले.