चेअरबाईंचं मत यायचं आहे

आमच्या शाळेच्या गव्हर्नर मंडळावर एक मेलेली बाई आहे. असं मी म्हटलं की नवरा फोनमधून मान वर न करता म्हणतो, "झालं हिचं सुरू." त्याचंही बरोबर आहे. आमच्या वरातीतला घोडा लंगडत होता. सांगता सांगता मी त्याचा हत्ती केला, आणि आता माझ्या माहेरचे लोकही शपथेवर हत्तीच सांगतात. पण दोन गोष्टी मी कधी फुगवत नाही. एक माझं वय, आणि दुसरी ही बाई.

लेस्टरहून आमच्या खेड्याला एक बस येते, म्हणजे तिला वाटलं तर येते. इथे शेजारी शेजारी तीन खेडी, प्रत्येकात एक चिमुकली सरकारी प्राथमिक शाळा, आणि तिघींचं मिळून एक फेडरेशन. तीन चुली आणि तवा एक, असा संसार. मुख्याध्यापिका एक, केअरटेकर एक, गवत कापायचं मशीन एक, चालणारा प्रोजेक्टर एक. प्रोजेक्टर सीटबेल्ट लावून मुख्याध्यापिकेच्या शेजारी बसतो आणि गावोगाव फिरतो. रस्ता तिच्यापेक्षा त्यालाच जास्त पाठ आहे. वर्गाबाहेरचं सगळं आमचं मंडळ ठरवतं. शिक्षक कोण नेमायचा, गळकं छप्पर यंदा की पुढच्या वर्षी, सगळं. मंडळ म्हणजे फुकट राबणारी मूठभर गावकरी माणसं. मी त्यात कशी? शाळेच्या गेटवर पार्किंगवरून मी एकदा जरा आवाज चढवला. तो म्हणे चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे उडतील इतका चढला. इथली रीतच अशी, की जो तक्रार करतो त्याला शिक्षा म्हणून कमिटीवर घेतात.

मंडळाच्या चेअर होत्या एक म्हाताऱ्या बाई. जन्मभर गावचं पोस्ट ऑफिस चालवलेलं. हरभऱ्याच्या काडीसारखी अंगकाठी, निळा रेनकोट, आणि बसायला पहिलीच्या वर्गातली हिरवी प्लास्टिकची खुर्ची. मीटिंग त्याच वर्गात, त्याच बुटक्या खुर्च्यांवर व्हायची. सगळ्यांचे गुडघे कानांना लागायचे. मोठ्या खुर्च्या आणू म्हटलं तर बाई म्हणायच्या, "ज्यांच्याबद्दल ठरवायचं, त्यांच्या उंचीवर बसून ठरवा."

कुणी वाहवत गेलं की त्या चमचा कपावर वाजवत. एकदाच. टिंग.

माझ्या पहिल्याच मीटिंगला मी सांगत होते, "नागपूरला आमच्या वर्गात तीनशे पोरं होती."

टिंग.

"बरं, दोनशे."

टिंग.

"पंचाहत्तर," मी म्हटलं. बाईंनी चमचा बशीत ठेवला. "पुढे बोला," म्हणाल्या.

जन्मदात्या आईला जमलं नाही ते त्या चमच्याने केलं. बाहेर मी तीच होते, पण त्या वर्गात माझ्या तोंडून हत्ती निघेना, फार तर वासरू निघायचं.

मग एका हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. आम्ही सगळे फ्युनरलला गेलो, सँडविचेस खाल्ली. त्यानंतर जी पहिली मीटिंग झाली, तिथून हे सगळं सुरू झालं.

इथल्या मीटिंगचा पहिला विषय ठरलेला. जो येऊ शकणार नाही त्याने आधी दिलगिरी कळवायची, मंडळाचा क्लार्क ती वाचतो, आणि आम्ही म्हणतो, "मान्य." आमचा क्लार्क म्हणजे इस्त्री केलेला माणूस. त्या दिवशी त्याने चष्मा पुसला आणि सवयीने वाचलं, "चेअरबाईंकडून दिलगिरी आली आहे."

वर्गात टाचणी पडली असती तर बॉम्ब वाटला असता. मी डेप्युटीकडे पाहिलं. हे बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, बाईंच्या जागी मीटिंग चालवायला बसलेले. त्यांनी छताकडे पाहिलं. आता क्लार्कला कोण म्हणणार की अहो, त्या गेल्या? इंग्रज माणूस बुडताना हाक मारणार नाही, लोकांना त्रास नको म्हणून. डेप्युटी खाकरले. "मान्य," म्हणाले. आम्ही सगळे म्हणालो, "मान्य."

पुढच्या मीटिंगला तेच. त्याच्या पुढच्याही. सप्टेंबरात नवा चेअर निवडायची वेळ आली, तेव्हा क्लार्क शांतपणे म्हणाला, "त्यांचा राजीनामा आलेला नाही. त्या फक्त गैरहजर आहेत." त्यामुळे डेप्युटी डेप्युटीच राहिले. हिरव्या खुर्चीवर कुणी बसेना. केअरटेकर चहा मांडताना त्यांचा कप मांडायचा, चमच्यासकट. कॉरिडॉरमध्ये मुलांच्या उंचीच्या खुंट्या आहेत, प्रत्येकीवर चित्र. साळिंदराच्या खुंटीला त्यांचा निळा रेनकोट अजून लटकत होता. बाहेर पाऊस असला की तो खालून ओला असायचा. हे पाहणारी मी एकटीच, हे मान्य. पण मी हात लावून पाहिलाय.

आणि टिंग. छपराचं बोलताना मी म्हटलं, "वर्गात एवढं पाणी साचतं की बदकं येतात." टिंग. सगळ्यांच्या माना वळल्या. चमचा बशीत जिथल्या तिथे होता. "हीटिंगचे पाइप," डेप्युटी म्हणाले. हीटिंग त्या आठवड्यात बंद होतं.

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, आणि मी हसलेही असते. पण मग काउंटी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या जिल्हा परिषदेचं, पत्र आलं. तीनपैकी सगळ्यात छोटी शाळा, म्हणजे आमचीच, बंद करून पोरांना बसने मोठ्या शाळेत पाठवायचा विचार आहे. मंडळाचं मत कळवा. शाळेला पैसा मिळतो तो पोरांच्या डोक्यांवर, आणि आमच्याकडे डोकी तीसेक. मंडळाने 'नको' म्हटलं तर कौन्सिल इतक्यात हात लावणार नव्हतं. 'हो' म्हटलं की उन्हाळ्यानंतर कुलूप.

आता माझ्या पोरीबद्दल सांगते. लेस्टरच्या मोठ्या शाळेत ती वर्षभर एक शब्द बोलली नाही. घरी पोपट, शाळेच्या दारात दगड. वर्गशिक्षिका विचारायची, ही मान खाली घालायची. बाथरूमला जायचंय हेसुद्धा सांगायची नाही. मी दप्तरात दोन जादा कपडे द्यायचे. नागपूरला सासूबाईंना मी फोनवर सांगायचे, "आई, भाषणात पहिली आली." मग आम्ही या खेड्यात घर घेतलं. इथे तिच्या वर्गात दोन इयत्ता मिळून दहा-बारा पोरं. तिसऱ्या आठवड्यात मुख्याध्यापिका गेटवर म्हणाली, "तुमची मुलगी फार बोलते हं." मी त्या बाईला मिठी मारली, तिचा चष्मा वाकला. वाकला तो खरंच वाकला.

तेव्हा ती शाळा बंद होणार म्हटल्यावर मी काय करणार? मी हत्ती पाळायला घेतला. कॅनॉलपलीकडे नवी घरं होत होती. मी ठरवलं की मीटिंगमध्ये सांगायचं, माझ्या ऑफिसातली पंचवीस मराठी कुटुंबं तिथे घरं घेतायत, प्रत्येकाला दोन-दोन पोरं.

"आणि विचारलं कोणाची नावं, तर?" नवऱ्याने विचारलं.

"पंचवीस देशपांडे सांगीन. त्यांना काय कळतंय!"

"तुझ्या त्या चेअरबाईंना कळेल."

हा कधी नव्हे तो विश्वास ठेवणार, तोही नेमका नको तेव्हा.

मीटिंग नोव्हेंबरात, शाळा सुटल्यावर. शाळा सुटते तोवर इथे दिवस संपत आलेला असतो. खिडक्यांना धुकं लागलेलं. मुलांनी कापलेले कागदी चेहरे काचांवर चिकटवलेले. बाहेर काळोख झाल्यावर ते सगळे आतच बघत होते. पलीकडे हॉलमध्ये गव्हर्नरांची पोरं खेळत होती, त्यात माझ्या पोरीचा आवाज सगळ्यात वर. कॉरिडॉरमधून येताना मी साळिंदराच्या खुंटीकडे पाहिलं. रेनकोट नव्हता. केअरटेकरने धुवायला नेला असेल, मी मनाशी म्हटलं, आणि पावलं जरा उचलली.

क्लार्कने चष्मा पुसला. "दिलगिरी," तो म्हणाला, आणि थांबला. हातातला कागद त्याने उलटा करून पाहिला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "आज," तो म्हणाला, "दिलगिरी कुणाचीच आलेली नाही."

सगळ्यांनी आपापले गुडघे थोडे आत घेतले, जशी आपण बसमध्ये कुणाला आत बसायला जागा देतो.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. "कॅनॉलपलीकडे," मी म्हटलं, "आमच्या ऑफिसातली पंचवीस कुटुंबं..."

टिंग.

एवढा जवळून तो आवाज कधी आला नव्हता. मी चमच्याकडे पाहिलंच नाही. माझी हिंमत झाली नाही.

"दहा," मी म्हटलं. टिंग. "घरं बघायला चार आली होती," मी म्हटलं. "घेतलं एकाने. त्याला एक मुलगा आहे. तो अजून बाबागाडीत आहे."

कुणीतरी हसलं. माझा हत्ती गेला होता, घोडाही गेला होता. हातात नुसता लगाम. मग मी ते सांगितलं जे सासूबाईंना नाही, माहेरी नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. ते एक वर्ष. दप्तरातले कपडे. लेस्टरच्या शाळेच्या गेटमधून आत जाताना ती माझी बोटं एकेक करून सोडायची, ते. "मोठ्या शाळेत ती पुन्हा गप्प होईल की नाही, मला माहीत नाही," मी म्हटलं. "मला भीती वाटते. बस, एवढंच."

मी वाट पाहिली. चमचा वाजला नाही. हॉलमधून माझ्या पोरीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी नियम समजावून सांगत होती, बहुधा स्वतःच केलेले.

हात वर झाले. बंद करा म्हणणारे चार, नको म्हणणारे चार. मतं समसमान झाली की चेअरचं जादा मत. डेप्युटींनी आधीच 'बंद करा'ला हात वर केला होता, आणि आता दुसऱ्यांदा करणार होते. तो अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला. ते हिरव्या खुर्चीकडे बघत होते.

"क्लार्क," ते हळूच म्हणाले, "डेप्युटी चेअरचं मत कधी देऊ शकतो?"

"चेअर गैरहजर असतील तेव्हा, सर."

"आणि आज त्या..."

क्लार्कने खुर्चीकडे पाहिलं नाही. "दिलगिरी आलेली नाही, सर."

आता तुम्ही म्हणाल, माणूस उठून म्हणू शकत होता की हा काय वेडेपणा चाललाय. म्हणू शकत होता. पण बदकांच्या वेळी पाइपांना दोष देणारा तोच माणूस घामाने भिजला होता. त्याने हात खाली घेतला. "मग आपण," तो म्हणाला, "चेअरबाईंच्या मताची वाट पाहू. विषय पुढे ढकलला."

"मान्य," आम्ही सगळे म्हणालो. बंद करा म्हणणारे सगळ्यात आधी.

तेव्हापासून दर मीटिंगला तो विषय निघतो, आणि पुढे ढकलला जातो. कौन्सिलला आम्ही कळवलंय की एक मत यायचं आहे. कौन्सिललाही घाई नाही. दिलगिरी पुन्हा कधी आली नाही. त्या दर वेळी हजर असतात.

लोकांना वाटतं मी आता निवांत असेन. मी घाबरलेली असते. कारण बाई हयात असताना एकदा म्हणाल्या होत्या, "शाळा पोरांसाठी असते, भिंतींसाठी नाही. पोरं उरली नाहीत तर कुलूप मी स्वतः लावीन." त्या कुणाच्या बाजूच्या नव्हत्या. त्या खऱ्याच्या बाजूच्या होत्या, आणि खरं काय ते मला माहीत नाही. मतासाठी विषय निघाला आणि टिंग झालं, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

म्हणून मी एक काम केलं. शाळेतले सगळे चमचे पर्समध्ये घालून घरी आणले, त्यांचासुद्धा, आणि तिथे लाकडी काड्यांचा डबा ठेवला. पर्यावरणासाठी, असं मी मंडळाला सांगितलं. आता वाजायला तिथे काही उरलंच नव्हतं.

परवा रविवारी सासूबाईंचा फोन आला. "काय गं, पोरगी शाळेत कशी काय आहे?"

"पहिली आली, आई," मी सवयीने म्हटलं. "अख्ख्या काउंटीत..."

किचनच्या बंद ड्रॉवरमधून आवाज आला. टिंग.

नवऱ्याने फोनमधून मान वर केली. लग्नानंतर प्रथमच. पोरगी जिन्यावरून ओरडली, "आई, ते कोण वाजवला?"

मी ओट्याला टेकले. "आई," मी सासूबाईंना म्हटलं, "पहिली नाही आली. नंबर वगैरे काही नसतो इथे. पण बोलते ती. आधी बोलत नव्हती, तुम्हाला सांगितलं नव्हतं मी. आता बोलते. फार बोलते."

"मग दे की तिला फोन," सासूबाई म्हणाल्या. मी ड्रॉवरकडे बघत उभी राहिले. तो गप्प होता.