चपलेचा ब्रेक

रबर जळल्याचा वास आला की मला यवतमाळजवळच्या सागाच्या जंगलातला तो उतार आठवतो. नव्या गिअरच्या सायकलचे दोन्ही ब्रेक आवळून, वाळलेल्या पानांवरून घसरत मी जीव मुठीत धरून उतरत होतो. तेवढ्यात तिथल्या तांड्यावरचा माझ्याच वयाचा एकजण, कॅरिअरवर मोहफुलांचं पोतं बांधलेल्या जुनाट सायकलवरून, चाकावर चप्पल दाबत, शीळ घालत पुढे निघून गेला. माझा नुसता जळफळाट झाला. खाली तो थांबला होता. चपलेतून धूर निघत होता. "भाऊ, तुमच्या सायकलवर एक चक्कर मारू द्या ना मले." मी म्हटलं, "ब्रेक बिघडलेत." तो हसला, "माह्या सायकलले कुठं हायत?" तरी मी दिली नाही. ती सायकल आता गॅलरीत धूळ खाते. ती त्यालाच शोभली असती, हे मला तेव्हाच कळलं होतं.