दाभोशाच्या लग्नाची डिस्क

माझ्या झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत गोरखचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक लांब टेबल, दोन कॉम्प्युटर, कॅमेऱ्याच्या बॅगा आणि पासपोर्ट फोटोसाठी भिंतीला ठोकलेला निळा पडदा. त्याच्याकडे जायचं तर माझ्या मशीनला वळसा घालूनच जावं लागतं. त्यामुळे त्याच्याकडे कोण आलं, कोण हसत गेलं, कोण तोंड पाडून गेलं, हे मला न विचारता कळतं.

गोरख मूळचा मोखाड्याकडचा. बारावीनंतर भिवंडीच्या गोदामात माल उचलायला गेला, तिथून ठाण्यातल्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे लाइट धरायला लागला आणि लाइट धरता धरता कॅमेरा शिकला. परत आला तेव्हा त्याच्याकडे एक जुना कॅमेरा होता आणि त्याला जव्हारमध्ये खोली भाड्याने हवी होती. तेव्हापासून पाड्यापाड्यांतली लग्नं तोच करतो.

एका जागी बसणं त्याच्या स्वभावातच नाही. व्हिडिओ जोडायचं काम तासन्‌तास बसून करायचं असतं, पण हा माणूस दर थोड्या वेळाने उठणार, माझ्या काउंटरशी येणार, पेपर उलटापालटा करणार, रस्त्यावर कोण दिसतं बघणार आणि परत आत जाणार. त्याची बायको सपना म्हणते, ते जेवतातसुद्धा अर्धे उभ्याने.

त्याचे दोन्ही कॉम्प्युटर माझ्या पुतण्याने, चैतन्यने, लावून दिले होते. तो नाशिकच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. आधी गोरखकडे विंडोज होतं, तेही कुणाकडून तरी आणलेलं, आणि गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून दर महिन्याला व्हायरस यायचा. चैतन्यने कंटाळून एडिटिंगच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं. दुसरा जुना कॉम्प्युटर त्याने नुसता शूटिंग साठवायला ठेवला आणि त्यावर बीएसडी नावाची प्रणाली बसवली. त्यात दोन डिस्क होत्या. लहान डिस्कवर बीएसडी, आणि दुसऱ्या मोठ्या डिस्कवर गोरखची सगळी लग्नं.

मेच्या मध्यावर एका दुपारी वीज गेली, आली, परत गेली आणि परत आली ती इतक्या जोरात, की माझ्या दुकानातली ट्यूब फुटली. आतून गोरख ओरडला नाही. तो बाहेर येऊन नुसता म्हणाला, "काका, वास येतोय."

साठवणीचा कॉम्प्युटर गेला होता. त्याचा बोर्ड जळला होता. आणि त्या वेळी गोरख दाभोसा गावातल्या एका लग्नाचं शूटिंग कॅमेऱ्याच्या कार्डावरून त्या मोठ्या डिस्कवर चढवून नुकताच मोकळा झाला होता. कॉपी संपल्याचं पडद्यावर दिसलं, तसं त्याने दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी कार्ड लगेच पुसलं. त्यानंतर काही क्षणांतच वीज गेली होती.

दाभोशाचं लग्न चैतीचं. तिचा भाऊ नवशा मासेमारीच्या बोटीवर कामाला असतो. त्याला बोटीवरून सोडलं नाही, म्हणून सख्ख्या बहिणीचं लग्न त्याला बघता आलं नव्हतं. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की तो घरी येणार आणि तेव्हा व्हिडिओ बघणार, असं ठरलं होतं. घरच्यांनी गोरखला एवढंच सांगितलं होतं, "काय सोडू नको. त्याला सगळा दिसला पायजे."

गोरखने ती मोठी डिस्क जळलेल्या कॉम्प्युटरमधून काढली आणि एडिटिंगच्या लिनक्स कॉम्प्युटरमध्ये लावली. डिस्क दिसेचना. त्याने स्क्रू काढले, परत आवळले, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. मग माझ्या काउंटरवर येऊन उभा राहिला.

"मेली वाटतं, काका."

"फिरतेय का? कान लावून बघ."

त्याने कान लावला. डिस्क फिरतच नव्हती. विजेची वायर सैल होती. दुसरी वायर लावल्यावर ती गुरगुरली आणि डिस्कच्या यादीत तिचं नाव आलं. मला वाटलं संपलं. पण नाव दिसणं वेगळं आणि उघडणं वेगळं. डिस्क नुसती जोडून भागत नाही. ती कोणत्या पद्धतीने लिहिलेली आहे आणि कोणत्या फोल्डरमध्ये उघडायची, हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं. त्याला माउंट करणं म्हणतात. लिनक्सला बीएसडीची पद्धत आपण होऊन ओळखता येत नव्हती. प्रत्येक वेळी एकच उत्तर यायचं, की प्रकार चुकीचा आहे किंवा डिस्क खराब आहे. शेवटी पडद्यावर एक चौकट आली: ही डिस्क वापरायची असेल तर फॉरमॅट करा.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, "फॉरमॅट मार. नंतर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने काढू." गोरखचा हात माऊसवर होता. मी त्याच्या मागे उभा होतो. तो उठला, स्टुडिओच्या बाहेर गेला, बसस्टँडपर्यंत चालत गेला आणि परत आला. म्हणाला, "हात लावत नाही. चैतन्यदादाला विचारतो." पण चैतन्यच्या कॉलेजात परीक्षा चालू होत्या आणि त्याचा फोन बंद होता.

थांबणं गोरखला जमलं असतं तर पुढचं टळलं असतं. त्याने इंटरनेटवर शोधलं आणि कुणीतरी लिहिलेली एक ओळ कॉम्प्युटरच्या त्या फाइलमध्ये टाकली, जिच्यात चालू होताना कोणकोणत्या डिस्क लावायच्या ते लिहिलेलं असतं. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि कॉम्प्युटर तिथेच अडला. बाकीच्या सगळ्या लग्नांचं एडिटिंग त्याच कॉम्प्युटरवर होतं.

ते दोन-तीन दिवस मी त्याला बसलेला पाहिला नाही. गिऱ्हाईक आलं की, "लाइट नाही," म्हणायचा, आणि माझं झेरॉक्स मशीन शेजारी धडधडत असायचं. सपना डबा घेऊन आली तर तो डबा हातात धरूनच फेऱ्या मारत राहिला. तिने मला विचारलं, "काय झालंय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग दाभोशाला सांगून टाका ना." त्याला ते ऐकवेना. "काय सांगू? लग्न परत लावा म्हणून सांगू?"

चैतन्यचा फोन आला तो दुपारच्या सुट्टीत. गोरखने फोन स्पीकरवर टाकला.

"फॉरमॅट केलंस?"

"नाही, दादा."

"मग अजून काही बिघडलेलं नाही. पडद्यावर काय लिहिलंय ते वाच."

गोरखने अक्षर अक्षर वाचलं. चैतन्य हसला नाही. म्हणाला, "कॉम्प्युटर मेलेला नाही. तू त्याला सांगितलंयस की ही डिस्क लावल्याशिवाय चालू होऊ नकोस, आणि ती त्याला लावता येत नाही. तो वाट बघून बघून थांबलाय. पासवर्ड टाक, ती फाइल उघड आणि तू लिहिलेल्या ओळीच्या आधी हॅशचं चिन्ह टाक, म्हणजे ती ओळ तो सोडून देईल."

गोरखने चिन्ह टाकलं. कॉम्प्युटर पहिल्यासारखा चालू झाला. त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि लगेच विचारलं, "आता?"

"आता माउंट करताना प्रकार स्पष्ट सांगायचा. यूएफएस, म्हणजे बीएसडीची लिहायची पद्धत, आणि त्यातला दुसरा नमुना. आणि फक्त वाचायसाठी. लिहायची परवानगी अजिबात द्यायची नाही."

चैतन्यने आज्ञा सांगितली, गोरखने टाइप केली. त्यात एक अक्षर चुकलं, परत टाइप केली. या वेळी पडद्यावर काहीच आलं नाही. गोरख घाबरला. चैतन्य म्हणाला, "काही आलं नाही म्हणजे झालं. फोल्डर उघड."

सगळी लग्नं ओळीने उभी होती. गोरखने दाभोशाचं फोल्डर उघडलं. हळद होती, मांडव होता, जेवणं होती. पण लग्न लागतानाच्या फाइलींची नावं होती आणि आत काही नव्हतं, आकार शून्य. पाठवणीच्या फाइलींची तर नावंही नव्हती.

"कॉपी संपली असं दिसतं तेव्हा शेवटचं सगळं डिस्कवर उतरलेलं असतंच असं नाही," चैतन्य म्हणाला. "त्याआधी वीज गेली. जे वाचता येतंय ते आधी दुसरीकडे उतरवून घे. संपूर्ण. मग आपण बीएसडीकडूनच डिस्क तपासून घेऊ."

त्याने पेनड्राइव्हवर बीएसडी घेऊन त्यावरून कॉम्प्युटर चालू करायला सांगितलं. उतरवायला आणि पेनड्राइव्ह तयार करायला पुढचा दिवस गेला. बीएसडीमध्ये त्याच डिस्कचं नाव वेगळंच निघालं, आणि गोरखला वाटलं आपण भलतीच डिस्क तपासतोय. त्याने चैतन्यकडून नाव दोनदा वदवून घेतलं, मग तपासणी सुरू केली. पडद्यावर प्रश्न यायचे: हे जोडू का, हे दुरुस्त करू का. गोरख एकेक प्रश्न वाचून 'हो' म्हणत होता आणि दर 'हो'नंतर खुर्ची मागे ढकलून उठत होता.

तपासणी संपल्यावर डिस्कवर हरवलेल्या वस्तूंचं एक फोल्डर तयार झालं होतं. त्यात नावं नसलेल्या फाइली होत्या, नुसते आकडे. गोरखने त्या लिनक्सवर आणून एकेक उघडल्या. काही उघडल्याच नाहीत. एकीत नुसतं कुणाचंतरी पाऊल आणि गवत होतं. कॅमेरा चालू राहून गेला होता. मग एकीत गाणी म्हणत लग्न लावणाऱ्या धवलेरीचा आवाज आला आणि मांडवात चैती दिसली, मान खाली घातलेली. लग्न लागत होतं. गोरखने मला हाक मारली नाही, पण आवाज बाहेर आला म्हणून मी गेलो. तो उभा राहूनच बघत होता.

पाठवणी मात्र मिळाली नाही. ती नाहीच मिळाली.

नवशा आल्याचं कळलं तेव्हा गोरखचं एडिटिंग झालं नव्हतं. त्याने सगळ्या क्लिप जशाच्या तशा एका डिस्कवर घेतल्या, मोटरसायकल काढली आणि मला म्हणाला, "चला ना, काका. एकट्याने सांगवणार नाही." मी दुकान बंद केलं.

दाभोशाला अंगणात खाट टाकली होती. नवशा उन्हाने काळवंडलेला, हाताला दोराच्या खुणा असलेला, कमी बोलणारा पोरगा. चैतीही सासरहून आली होती. गोरखने बसायच्या आधीच सांगून टाकलं, "पाठवणी गेली. वीज गेली नि गेली. माझ्याकडं नाय ती."

नवशाने बहिणीकडे बघितलं.

चैती म्हणाली, "बरा झाला. मी लय रडले होते त्याच्यात. त्यानं कशाला बघायचा?"

नवशा गोरखला म्हणाला, "बाकीचा हाय ना? लाव."

घरातल्या टीव्हीला जोडून गोरखने लावलं. गाणी नाहीत, नावांच्या पाट्या नाहीत, काही कापलेलं नाही. भाताची पातेली उतरवताना चाललेली भांडणं, जीप का आली नाही म्हणून बाप रस्त्यावर उभा आहे ते, आत्या झोपून गेली आहे ते. गोरख मधेमधे म्हणत होता, "हे कापणार आहे मी." नवशाने एकदाही पुढे ढकलायला सांगितलं नाही. बाप जीपवाल्याशी भांडतो तिथे तो हसला आणि म्हणाला, "परत लाव." नंतर लग्न लागलं तेव्हा तो खाटेवरून उठला, टीव्हीच्या जवळ गेला आणि मांडीवर हात ठेवून खाली बसला.

संपल्यावर त्याने विचारलं, "हे कापून टाकतो म्हणजे काय करतो?"

"लोक कंटाळतात. गाणी टाकून छोटा करतो."

"लोकांसाठी कर छोटा. मला असाच दे. बोटीवर वेळ भरपूर असतो."

परत येताना जव्हारच्या वळणावर गोरखने गाडी थांबवली आणि म्हणाला, "आत्या झोपलेली मी पुसणार होतो, काका." त्याने गाडी चालू केली, कारण दुसऱ्या दिवशी जामसरला हळद होती आणि कार्डं अजून रिकामी करायची होती.