गच्चीवरचं अर्धं पाकीट

“लाज नाही वाटत, बाबा? या वयात? टाकीमागे लपून? पोरासोरांसारखं?”

ओरडणारा मी होतो. भाईंदर पूर्वेच्या आमच्या सोसायटीची गच्ची, पाण्याची टाकी, आषाढातली उघडीप — आणि माझा आवाज असा, की खाली केबिन रोडवरच्या रिक्षांनी दचकून हॉर्न बंद केले असतील, आणि तिकडे डोंगरीच्या टेकडीवर चरणाऱ्या गाईंनी माना वर केल्या असतील. कपडे वाळत घालायला आलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या शाहकाकी बादली घेऊन तशाच थिजल्या. “शुं थयुं, भाई? पप्पा पर चिल्लाता है?” पाठोपाठ आमचे सेक्रेटरी गोडबोलेकाका जिना चढून आले. आणि बाबा — फोर्टातल्या ऑफिसात ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने शिपाई उभे राहायचे, ते माझे बाबा — बोटांत अर्धी सिगरेट धरून मान खाली घालून उभे होते.

इथपर्यंतची गोष्ट आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे. मुलाने बापाची सिगरेट कशी सोडवली! गोडबोलेकाका अजून पाहुण्यांना सांगतात. पुढचं मात्र मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, दारू पिऊन मित्रांनाही नाही. मला ओळखणारे म्हणतात, याच्या तोंडून वाटाण्याची उसळ ऐकली तरी तिच्यात हत्ती निघतो. खरंय. पण आज — आज तो हत्ती बाहेर बांधून आलोय.

कुठून सुरू करू?

आमच्या घरात दोघं जण सिगरेट ओढायचे आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. म्हणजे — माहीत होतं हो, पण तशी पद्धत नव्हती. बापासमोर पेटवायची नाही, आणि मुलासमोरही नाही. बाबांच्या शर्टाला वास आला तर मी तो ऑफिसातल्या कुणाचा तरी समजायचा. माझ्या तोंडाला आला तर त्यांनी पेपर जरा वर धरायचा. आम्ही गिरगावातून भाईंदरला आलो तेव्हा कपाटं, भांडी सगळं बदललं, ही पद्धत मात्र जशीच्या तशी टेम्पोत चढून आली.

केबिन रोडला तिवारीची पानाची टपरी होती. आम्ही दोघंही त्याची गिऱ्हाइकं, आणि आमची टक्कर होऊ न देणं हा त्याचा धर्म. मी झुरके मारत असताना लांबून बाबा दिसले की पानाला चुना लावता लावता, मान न उचलता म्हणायचा, “पप्पा आ रहे हैं. पीछे से निकलो.” मी मागच्या गल्लीत. उलट झालं की त्यांनाही सांगत असणार — “साहब, बेटा.” असं किती काळ चाललं! स्टेशनातले सिग्नल चुकले असतील, तिवारीचा कधी चुकला नाही.

पण तिवारी एकदा गावी गेला. टपरीवर बसला त्याचा कुणी तरी चुलता, त्याला काय माहीत कोण कुणाचा बाप? टपरीला दोरीने लटकवलेला एकच लायटर असतो, बघितलाय ना तुम्ही? मी त्याला हात घातला आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने आणखी एक हात आला. त्या हातात पुष्कराजाची अंगठी होती. ती अंगठी मी जन्मल्यापासून ओळखत होतो.

“मी — लिमलेटच्या गोळ्या घ्यायला आलो होतो,” मी म्हणालो.

“मीही,” बाबा म्हणाले.

आम्ही खरोखर गोळ्या घेतल्या. आणि अख्खा केबिन रोड दोघं बापलेक गाल फुगवून गोळ्या चघळत घरी आलो. आजही आठवलं की हसू येतं. आणि मग थोड्या वेळाने येत नाही.

त्यानंतर आला पाडवा. आईने कडुलिंबाचा पाला हातावर ठेवला. बाबांनी चावला, मी चावला. “कडू लागला का रे?” त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, नाही. “मलाही नाही,” ते म्हणाले, आणि उठून देवघरातला शंख घेऊन आले. हा आजोबांचा शंख. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, आणि आरतीच्या आधी घरातल्या पुरुषाने शंख वाजवायचा हा रिवाज. आदल्या वर्षी बाबांनी फुंकला — फुस्स. मी फुंकला — फुस्स, वर खोकला. शेवटी आईने मोबाइलवर शंख लावला. मधेच जाहिरात लागली हो! देवासमोर बनियनची जाहिरात! आई दोन दिवस आमच्याशी बोलली नव्हती.

तर शंखावर हात ठेवून बाबा म्हणाले, “दोघांनी सोडायची. तू सोडलीस तर मी टिकेन. एकट्याने व्हायचं नाही माझ्याकडून.”

मीही हात ठेवला. ते वाक्य तुम्ही नीट ऐकलंत ना? तू सोडलीस तर मी टिकेन.

बाबांनी त्या दिवसापासून सोडली.

मी — नाही सोडली. मी फक्त टपरी बदलली. मीरा रोडला नया नगरात जाऊन ओढायला लागलो. तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. तिथेच एका अत्तरवाल्याकडून मनगटावर अत्तराचा थेंब लावून घ्यायचो. उन्हाळ्यात खस, एरवी गुलाब. घरी आलो की आईच्या भुवया वर. “कोण आहे रे ती?” ती विचारायची. मी लाजल्यासारखं करायचो. ते नाटक तर काहीच नाही, खरं नाटक पुढे होतं.

सिगरेट सोडली की शरीर कसं कसं सुधारतं, ते सगळं मी मोबाइलवर वाचून काढलं होतं. आधी नाडी शांत होते, मग चव येते, मग वास, मग दम भरतो. त्या बरहुकूम मी एकेक लक्षण घरी वठवलं. तिसऱ्या दिवशी साध्या वरणाचा घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आणलं — “आई, यात हिंग आहे गं!” पुढच्या आठवड्यात जिने धावत चढलो आणि दारात येईपर्यंत श्वास रोखून धरला, मग बाथरूममध्ये जाऊन मेल्यासारख्या धापा टाकल्या. मे महिन्यात आईने वर्षातला पहिला हापूस कापला, तेव्हा तर मी खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. “काय वास! काय वास!” आणि बाबा? फोड नाकाशी धरून नुसते बसले होते, खातच नव्हते. मला वाटलं, बिचारे. यांना अजून वासच येत नाही.

कारण बाबांचं काहीच माझ्यासारखं होत नव्हतं. त्यांची झोप उडाली. तोंड आलं. चहात साखर कमी म्हणून कप आपटला, मग आईची माफी मागितली. आणि खोकला — ओढत होते तेव्हा नव्हता इतका. एकदा मला गॅलरीत बाजूला घेऊन म्हणाले, “तुला होतं का रे असं? तल्लफ येते?”

“छे! मला तर आठवतही नाही.”

“मग माझ्याच कुडीत काहीतरी खोट आहे,” ते म्हणाले.

आता ऐका. सोडल्यावर खोकला वाढतो, हे मी वाचलं होतं. फुप्फुसं साफसफाईला लागतात, साचलेलं बाहेर काढतात. तो चांगल्याचा खोकला. दोन वाक्यं सांगायची होती, त्यांचा जीव भांड्यात पडला असता. मी नाही सांगितली. का? कारण सांगितली असती तर मलाही खोकावं लागलं असतं.

हे जड आहे, पण जे कुणालाच सांगितलं नाही ते हे नाही. ते गच्चीवर आहे.

त्या दिवशी पावसाने कंटाळून मी नया नगरला गेलो नाही. म्हटलं, गच्चीवर कोण येतंय. शेवटच्या जिन्यावरच सिगरेट ओठांत धरली होती, पेटवायची तेवढी बाकी. टाकीच्या मागे वळलो — तर बाबा. कट्ट्यावर, पाठमोरे. शेजारी पाकीट. त्यांना माझी चाहूल लागली आणि माझी सिगरेट खिशात गेली, दोन्ही एकदमच.

त्या क्षणी दोन रस्ते होते. त्यांच्या शेजारी त्या ओल्या कट्ट्यावर बसायचं आणि म्हणायचं, “बाबा, माझ्याही खिशात आहे.” काय झालं असतं? लिमलेटच्या गोळ्यांसारखं हसलो असतो कदाचित. पुन्हा पाडव्यापासून सुरू केलं असतं, दोघांनी, खरंखुरं. त्यांना कळलं असतं की खोट त्यांच्या कुडीत नाही.

मी ओरडलो. आणि एकदा तोंड उघडल्यावर मला ते आवडायला लागलं — हेही सांगून टाकतो. शाहकाकी आल्या, गोडबोलेकाका आले, मला प्रेक्षक मिळाले. “मी सोडू शकतो, मग तुम्हाला काय झालं?” हे वाक्य मी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा जास्त सावकाश.

बाबांनी सिगरेट ओल्या फरशीवर विझवली. कट्ट्यावरचं पाकीट उचललं, माझ्यापुढे धरलं. “घे. तूच ठेव,” एवढंच. मी ते पोलिसाने मुद्देमाल घ्यावा तसं घेतलं. खाली उतरताना शाहकाकी म्हणाल्या, “बेटा हो तो ऐसा.”

त्या पाकिटाचं काय झालं, हे कुणी कधी विचारलं नाही. सगळे धरून चाललेत की मी ते नाल्यात फेकलं.

मी ते ओढलं. अर्धं पाकीट, नया नगरात, अत्तरवाल्याच्या दुकानासमोर उभं राहून. बाबांचा ब्रँड माझ्यापेक्षा महाग होता. चांगला लागला.

हेच ते. हेच सांगायचं होतं.

भाद्रपदात गणपती आला. बाबांनी शंख तोंडाला लावला — आणि भों! कानठळ्या! मखरावरची लाइटिंगची माळ सुटली म्हणालो तर खोटं वाटेल, पण सुटली. आईने डोळ्यांना पदर लावला. शेजारपाजारी टाळ्या वाजवायला लागले तर बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “ह्याच्यामुळे.” मग शंख माझ्या हातात दिला. मी फुंकला. फुस्स.

“सर्दी झालीय त्याला,” बाबाच म्हणाले, माझ्या आधी. आणि आरती सुरू केली.

विसर्जनानंतर मी सोडली. या वेळी खरी. आणि मग कळलं, आधीच सोडलेली सिगरेट सोडणं म्हणजे काय असतं! ना कुणाला सांगता येत, ना कण्हता येत. बाबांचं जे जे झालं होतं ते सगळं रांगेने माझ्याकडे आलं. झोप गेली, तोंड आलं. खोकला आला की बाथरूममध्ये नळ सोडून खोकायचो. एकदा बाहेर आलो तर टेबलावर आल्याचा रस आणि मध. बाबा पेपर वाचत होते. पेपरालाच सांगितल्यासारखं म्हणाले, “खोकला येऊ द्यावा. दाबू नये.”

आणि नाक? ते हिवाळ्यात परत आलं. डोंगरीला एका मित्राकडे चाललो होतो. बस उत्तनच्या बाजूला वळली आणि खिडकीतून बोंबलांच्या वासाची अशी थप्पड बसली की मी आधीच्याच स्टॉपवर उतरलो. बांबूंवर ओळीने बोंबील, मागे समुद्र, आणि मी रस्त्यात उभा राहून वेड्यासारखा नाकाने ओढतोय! टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली. “काय रं, बोंबील कदी बगितला न्हाय काय?” म्हटलं, बघितलाय मावशी, हुंगला नव्हता. ती हसत हसत पुढे गेली. लहानपणी पावसाळ्यासाठी बोंबील भरायला बाबा मला गिरगावातून मुद्दाम इकडेच आणायचे. तो अख्खा काळ नाकातून परत आला.

परतीच्या बसमध्ये शेजारी एक पोरगा येऊन बसला. नुकतीच ओढून आलेला, आणि वर अत्तर मारलेलं. गुलाब. मला वाटायचं, अत्तर वास झाकतं. झाकत कसलं — पालखीत बसवून मिरवतं! डोकं उठलं माझं. आणि मग मी माझं मनगट नाकाशी नेलं. मी घरी असाच यायचो? रोज?

तेव्हापासून एक हिशेब माझ्या मागे लागला. बाबांचं नाक परत कधी आलं? गणपतीच्या वेळी आलं असेल, तर गच्चीवर त्यांनी मान खाली घातली ती स्वतःच्या शरमेने. वाईट, पण तेवढंच. पण त्या आषाढाच्या आधीच आलं असेल, तर? मी समोर उभा राहून किंचाळत होतो तेव्हा माझ्या तोंडाचा, बोटांचा, मनगटाचा रोजचा वास त्यांना ठाऊक होता — आणि तरी त्यांनी पाकीट माझ्याच हातात दिलं?

विचारायला मला वर्षं लागली. आता बाबा पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. शंख अजून तेच वाजवतात. मी शिकलोय, पण माझा आवाज त्यांच्यासारखा निघत नाही. यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी ते बेसिनपाशी शंख धूत होते, मी टॉवेल घेऊन शेजारी उभा. आई आत मोदकाची पिठी चाळत होती. हवापाण्याचं विचारावं तसं विचारलं, “बाबा, सिगरेट सोडल्यावर तुमचं नाक कधी परत आलं हो?”

त्यांनी शंख उपडा करून आतलं पाणी झटकलं. टॉवेल घेतला.

“मे महिन्यात. तुझ्या आईने आंबा कापला होता, तेव्हा.”