ज्या पेशी उरल्या

"अक्यूट किडनी इंज्युरी," डॉक्टर म्हणाले. मूत्रपिंडांना अचानक झालेली इजा.

हे शब्द मी रोज वापरते. म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेत मी मूत्रपिंडाच्या पेशी वाढवते, त्यांना मुद्दाम इजा करते आणि त्या कशा सावरतात ते बघते. तरी मी खुळ्यासारखं विचारलं, "म्हणजे काय?"

खाटेवर माझा नवरा होता, नितीन.

रविवारी तो मित्राच्या शेतावर गेला होता, म्हैसूरजवळच्या एच. डी. कोटे गावापाशी. नारळाची वाळकी झावळी ओढली आणि गांधीलमाश्या उठल्या, अंगभर डसल्या. तिथल्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं. सूज उतरू लागली, आम्ही निर्धास्त झालो. मग लघवी कमी झाली. जी झाली, ती काळ्या कॉफीसारखी.

विषामुळे स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या तुंबवतं. मला पाठ होतं हे. बघितलं पहिल्यांदाच.

रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा, चढतच होतं. डायलिसिस सुरू झालं. यंत्र त्याचं रक्त गाळू लागलं. नर्स येता-जाता कन्नडमध्ये विचारायची, "युरिन बंता?" लघवी झाली का? मी मानेनेच नाही म्हणायचे.

डॉक्टरांना मी गाठलं. "पेशींना वाचवणारं काही औषध? आम्ही असे रेणू तपासतो."

"मॅडम, ते तुमच्या प्रयोगशाळेत असेल," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याकडे सलाइन आहे, डायलिसिस आहे. बाकी वाट बघायची."

मी परत खाटेपाशी आले.

नितीनने विचारलं, "तुझ्या पेशी बऱ्या होतात ना गं?"

"होतात."

"सगळ्या?"

खोटं बोलवेना. "काही मरतात. ज्या उरतात त्या पसरतात, वाढतात, मेलेल्यांची जागा भरतात. कधीकधी व्रण राहतो."

"उरल्या असतील थोड्या," तो म्हणाला आणि झोपायला डोळे मिटले.

एका सकाळी नर्सने लघवीची पिशवी उचलून उजेडात धरली. तळाशी फिकट पिवळं पाणी होतं. मी तिचा हात धरून रडले.

पुढे डायलिसिस थांबलं. क्रिएटिनिन अजून पूर्ण उतरलेलं नाही. मूत्रपिंडांना घातक म्हणून वेदनाशामक गोळ्या कायमच्या बंद, तपासण्या चालू.

तुमच्यापैकी कुणाला बऱ्याच गांधीलमाश्या चावल्या, तर सूज उतरली म्हणून घरी बसू नका. लघवी किती होते, कोणत्या रंगाची होते, बघा. गडद दिसली की लगेच मोठं रुग्णालय गाठा.

परवा नितीन प्रयोगशाळेत आला. सूक्ष्मदर्शकात बराच वेळ डोकावला.

"ही मोकळी जागा?"

"तिथल्या मेल्या."

"आणि ही कडेची, लांबट?"

"ती निघालीय जागा भरायला."

तो तसाच वाकून राहिला. मग त्या लांबट पेशीकडे बघत, अगदी हळू तिला म्हणाला, "थँक यू गं बाई."